निवळ रस साठवणीत पुन्हा गढूळ का होतो : कारण कसं शोधायचं आणि पुढच्या बॅचला काय करायचं

बाटली भरताना रस इतका निवळ होता की पलीकडची अक्षरं वाचता येत होती. महिन्याभराने तीच बाटली उजेडाला धरली तर रस धुरकट, तळाला तपकिरी साका, आणि बाटली जरा तिरकी केली की साका सावकाश वर उठतो. अशा वेळी बहुतेक जण फिल्टरला दोष देतात आणि आणखी बारीक फिल्टर शोधायला लागतात. खर्च होतो, रस पुन्हा गढूळ होतो.

फिल्टर फक्त आज कण झालेली गोष्ट अडवतो. उद्या जिचा कण होणार आहे ती आज रसात विरघळलेली असते. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर म्हणजे ४५० नॅनोमीटरचं छिद्र, आणि प्रथिनाचा सुटा रेणू असतो काही नॅनोमीटरचा. तो सहज पलीकडे जातो. बाटलीत गेल्यावर त्याला टॅनिन (फळातला तुरट पदार्थ) भेटतं, दोघांचे झुबके होतात, झुबके वाढत जातात आणि प्रकाश विखुरण्याइतके मोठे झाले की आपल्याला गढूळपणा दिसतो. म्हणून आधी कारण ओळखायचं आणि मगच औषध, म्हणजे निवळवणारा पदार्थ, घालायचं. पेक्टिनच्या (फळातल्या जेली बनवणाऱ्या पदार्थाच्या) गढूळपणावर बेंटोनाइट (प्रथिन ओढून घेणारी चिकणमाती) कितीही ओतलं तरी हाती काही लागत नाही.

आधी बाटल्यांची उलटतपासणी

प्रयोगशाळेत जाण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं काढा. अर्धं निदान इथेच होतं.

सगळ्या बाटल्या सारख्याच गढूळ आहेत की काहीच? एकाच बॅचमधल्या काहीच बाटल्या बिघडल्या असतील तर झाकण, बाटलीची स्वच्छता किंवा भरताना झालेला संसर्ग यांवर संशय घ्या. रसायन निवडून निवडून बाटल्या बिघडवत नाही. झाडून सगळ्या सारख्या गढूळ असतील तर कारण रसातच आहे. बॅचच्या अगदी सुरुवातीच्या किंवा शेवटच्याच बाटल्यांत साका असेल तर फिल्टरची माती (डायटोमाइट) निसटली असण्याची शक्यता मोठी.

गढूळपणा कधी आला? पाश्चरायझरमधून (रस तापवून जंतू मारणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडून रस थंड होताच आला असेल तर उष्णतेने उलगडलेली प्रथिनं. खोलीच्या तापमानाला दोन ते सात दिवसांत आला आणि झाकण फुगलं तर यीस्ट. काही दिवस ते दोन आठवड्यांत हळूहळू आला आणि फळं कच्ची होती, तर स्टार्च. कित्येक आठवडे रस ठीक राहिला आणि मग धुरकटत गेला तर प्रथिन-टॅनिन किंवा टॅनिनचं ऑक्सिडेशन.

बाटली फ्रिजमध्ये होती का? थंडीत गढूळ आणि खोलीत तासभर ठेवली की निवळ, असं होत असेल तर तो थंडीचा गढूळपणा. याला किरकोळ समजू नका. आज गरम केल्यावर विरघळणारे हेच झुबके काही महिन्यांत कायमचे होतात.

साका दिसतो कसा? काचेच्या चुऱ्यासारखा, दाणेदार आणि पटकन खाली बसणारा साका म्हणजे स्फटिक. मऊ, तपकिरी आणि सहज उठणारा साका टॅनिनवाला. कापसासारखा पुंजका तरंगत असेल तर बुरशी. ती बाटली उघडून वास घेत बसू नका. फुगलेली बाटलीही जपून उघडा, ती फुटू शकते. आणि निदानासाठी रस चाखायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पहिली पायरी : आत जिवंत काही आहे का

ही तपासणी नेहमी सर्वांत आधी, कारण जंतूंचं उत्तर 'हो' आलं तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. साका असेल तर पिपेटने तळातून थोडा उचला. नसेल तर १० मिलिलिटर रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब घ्या. काचपट्टीवर ठेवून ४०० पट मोठं करून बघा.

यीस्टच्या पेशी अंडाकृती, साधारण ५ ते १० मायक्रॉनच्या दिसतात आणि त्यांतल्या काहींना लहानशी कळी फुटलेली असते. कळी दिसली की शंका राहत नाही. लॅक्टिक जिवाणू बरेच लहान, काडीसारखे किंवा मण्यांच्या माळेसारखे. स्फटिकांना कडा आणि कोपरे असतात. डायटोमाइट तर ओळखूच येतं, कारण ती सूक्ष्म शैवालांची जीवाश्म कवचं; जाळीदार चकत्या आणि काड्या दिसल्या तर फिल्टर तपासा. काहीच आकार नसलेला, पिंजल्यासारखा पसारा दिसला तर पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

नुसत्या डोळ्याला यीस्टमुळे रस गढूळ दिसू लागतो तोवर मिलिलिटरला साधारण दहा लाखांच्या आसपास पेशी झालेल्या असतात. म्हणजे आज निवळ दिसणाऱ्या शेजारच्या बाटल्याही त्याच वाटेवर असू शकतात. उपाय रसात शोधू नका. भरण्याचं तापमान, धरून ठेवण्याचा वेळ, झाकणाची आतली बाजू आणि पाइपांचे कोपरे बघा. गरम भरताना रस ८५ ते ९० अंश सेल्सिअसला भरला आणि बाटली आडवी करून झाकणही त्या उष्णतेत येऊ दिलं तर यीस्ट वाचत नाही. बिसोक्लॅमिससारख्या काही बुरशींचे बीजाणू मात्र या उष्णतेतही टिकतात. ते मातीतून येतात, म्हणून जमिनीवर पडलेली फळं वापरत असाल तर धुण्याचं पाणी वारंवार बदला आणि सडका भाग आत जाऊ देऊ नका.

दुसरी पायरी : पेक्टिन आणि स्टार्च

या दोन चाचण्या पाव तासाच्या आहेत आणि खरं म्हणजे बाटली भरण्याआधीच करायच्या आहेत.

पेक्टिनसाठी ९६ टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून ठेवा. परीक्षानळीत एक भाग गाळलेला रस आणि दोन भाग हे अल्कोहोल घ्या, हलक्या हाताने एकदा उलटंसुलटं करा आणि १५ मिनिटं थांबा. जोरात हलवू नका, जेली तुटून फसगत होते. नळीत तंतू, कापूस किंवा जेली तरंगली तर पेक्टिन शिल्लक आहे. नुसते बुडबुडे चालतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा शेजारी ज्योत नको.

पेक्टिन आधी संपवणं का गरजेचं? ताज्या रसातल्या गढूळ कणाच्या आत धन प्रभाराचं प्रथिन असतं आणि बाहेरून ऋण प्रभाराच्या पेक्टिनचं आवरण. सगळे कण बाहेरून ऋण, म्हणून एकमेकांना ढकलतात आणि खाली बसत नाहीत. पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) आवरण तोडतं, आतलं प्रथिन उघडं पडतं, कण एकमेकांना चिकटतात आणि साका बसतो. ही पद्धत १९३० च्या सुमारास रसाच्या कारखान्यांत आली आणि आजही सगळी निवळणी तिच्यावरच उभी आहे. पेक्टिन अर्धवट तुटलं तर पुढे घातलेलं जिलेटिन त्यातच अडकतं आणि फिल्टरही चोंदतो. विकराला ४५ ते ५५ अंश तापमान आणि एक-दोन तास द्या. घड्याळ बघून काम थांबवू नका, अल्कोहोल चाचणी 'नाही' म्हणेल तेव्हाच थांबवा.

स्टार्चचा घोटाळा मुख्यतः हंगामाच्या सुरुवातीच्या, पुरेशा न पिकलेल्या सफरचंदांत होतो. स्टार्चचे दाणे पाश्चरायझरमध्ये फुलून विरघळतात, फिल्टरमधून आरामात जातात आणि रस थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा जुळून बाहेर पडतात. म्हणून चाचणी न तापवलेल्या रसावर केली तर फसवी निघते. नमुना आधी ८० अंशांच्या वर तापवा, पूर्ण थंड करा आणि मग आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या पातळ द्रावणाचे थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे, लालसर तपकिरी आला तर ते अर्धवट तुटलंय. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या गडद रसात रंग कळत नाही, तिथे पाणी घालून पातळ करून बघा. स्टार्च सापडला तर रस आधी तापवायचा, विकराच्या तापमानापर्यंत थंड करायचा आणि आम्लात काम करणारं अमायलेज (स्टार्च तोडणारं विकर) पेक्टिनेजच्या जोडीने द्यायचं. एकदा स्टार्च पुन्हा जुळून बसला की विकराला तो नीट तोडता येत नाही, त्यामुळे इथे वेळेला किंमत आहे.

तिसरी पायरी : प्रथिन आणि टॅनिन, खरा गुन्हेगार

जंतू नाहीत, पेक्टिन नाही, स्टार्च नाही, तरीही महिन्या-दोन महिन्यांनी गढूळपणा येतो. बहुतेक तक्रारी इथे येऊन थांबतात.

कच्चं फळ खाल्लं की तोंड आवळतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. बाटलीत तेच होतं, फक्त सावकाश. मात्र प्रत्येक प्रथिन यात सामील नसतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्ल सीबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की ज्या प्रथिनांत प्रोलीन हे अमिनो आम्ल जास्त, तीच प्रामुख्याने गढूळपणा करतात. त्यांच्या कामातला व्यवहारात सर्वांत उपयोगी भाग प्रमाणाचा आहे. टॅनिनच्या एका रेणूला पकडायला दोन-तीन टोकं असतात आणि प्रथिनावर ते पकडण्याच्या अनेक जागा. टोकं आणि जागा साधारण सारख्या असल्या की मोठं जाळं विणलं जातं आणि गढूळपणा सर्वाधिक येतो. प्रथिन फार आणि टॅनिन थोडं असेल, किंवा उलट, तर जोड्या लहानच राहतात आणि रस निवळ दिसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दोन वेगवेगळे निवळ, टिकाऊ रस एकत्र केले की मिश्रण गढूळ होऊ शकतं; एकाने प्रथिन आणलं, दुसऱ्याने टॅनिन. मिश्र रसाची तपासणी मिश्रण करूनच करायची, घटकांचे जुने अहवाल तिथे कामाचे नाहीत. दोन, जिलेटिनमध्ये प्रोलीन भरपूर असतं. म्हणजे टॅनिन काढायला घातलेलं जिलेटिन जास्त झालं तर तेच पुढच्या गढूळपणाचं कारण बनतं. जास्त निवळवायच्या नादात रस बिघडतो तो असा.

रसात नेमकं काय उरलंय हे कळायला दोन नळ्यांची चाचणी करा. ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला रस दोन नळ्यांत घ्या. एकीत टॅनिनचं पातळ द्रावण थेंब थेंब घाला, दुसरीत जिलेटिनचं. थोडा वेळ थांबून दोन्ही नळ्या साध्या रसाच्या तिसऱ्या नळीशेजारी, काळ्या कागदासमोर धरा. टॅनिन घातलेली धुरकटली तर रसात प्रथिन (किंवा जादा जिलेटिन) आहे. जिलेटिन घातलेली धुरकटली तर टॅनिन आहे. दोन्ही धुरकटल्या तर काम बरंच बाकी आहे.

त्यानंतर उष्णतेची चाचणी. गाळलेल्या रसाचा गढूळपणा टर्बिडिटी मीटरवर मोजा. चांगल्या निवळ रसाचा आकडा साधारण २ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली असावा. घट्ट झाकणाच्या नळीत रस ८० अंशांच्या पाण्यात २ तास ठेवा, थंड करा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा २ एनटीयूपेक्षा जास्त वाढला तर रस अस्थिर धरा. ही मर्यादा वाइनच्या प्रयोगशाळांतली आहे, रसासाठी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र ही चाचणी मुख्यतः प्रथिनं पकडते. टॅनिनच्या संथ ऑक्सिडेशनसाठी काही बाटल्या आठवडाभर ५० अंशांवर आणि मग दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून बघा. ही घाईची चाचणी आहे, तिच्यावरून महिन्यांचा हिशेब काढू नका; जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना करायला मात्र ती उत्तम.

औषधाचं प्रमाण नळीतच ठरवा

प्रथिन काढायला बेंटोनाइट, टॅनिन काढायला जिलेटिन किंवा पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी, रसात न विरघळणारी कृत्रिम पावडर), आणि उरलेलं जिलेटिन ओढून घ्यायला सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण). रसाच्या आम्लतेत प्रथिनावर धन प्रभार असतो आणि बेंटोनाइटवर ऋण, म्हणून ते चिकटतं. बेंटोनाइट कोमट पाण्यात काही तास भिजवून फुगवावं लागतं. कोरडं टाकलं तर अर्धं वाया. जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवा, मग ५० ते ६० अंशांत विरघळवा, उकळू नका.

१०० मिलिलिटर रसाच्या पाच-सहा नळ्या मांडा. १ टक्का जिलेटिनचं १ मिलिलिटर द्रावण म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. तेव्हा ०.२५, ०.५, १, १.५ आणि २ मिलिलिटर घातलं की २५ ते २०० मिलिग्रॅमचा पट्टा झाकला जातो. बेंटोनाइटचं ५ टक्के मिश्रण असेल तर १ मिलिलिटर म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. टाकीत ज्या तापमानाला आणि ज्या क्रमाने घालणार, तोच क्रम आणि तेच तापमान नळीत ठेवा, कारण क्रम बदलला की निकाल बदलतो. साका बसल्यावर वरचा रस गाळा आणि त्यावर दोन नळ्यांची चाचणी परत करा. सर्वांत निवळ दिसणारी नळी निवडायची नाही. दोन्ही चाचण्यांत शांत राहणाऱ्या नळ्यांतलं सर्वांत कमी प्रमाण घ्यायचं. जास्त बेंटोनाइटने गडद रसाचा रंग जातो आणि पीव्हीपीपी तुरटपणासोबत चवीचा भरदारपणाही नेतं, हे लक्षात असू द्या.

अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणं) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. पडदा मोठी प्रथिनं आणि पेक्टिन छान अडवतो, पण लहान टॅनिन रेणू त्यातून निघून जातात आणि बाटलीत एकमेकांना जोडून मोठे होतात. भरताना चकचकीत निवळ आणि तीन महिन्यांनी धुरकट, ही पडद्याच्या रसाची ठरलेली तक्रार आहे. तिथे पीव्हीपीपी किंवा शोषक रेझिनची पायरी टाळता येत नाही.

स्फटिक, धातू आणि अरबान

द्राक्षाच्या रसातला दाणेदार साका बहुधा पोटॅशियम बायटार्ट्रेटचा (द्राक्षातल्या नैसर्गिक क्षाराचा). थोडा साका गरम पाण्यात टाका. विरघळला आणि थंड केल्यावर परत आला तर तोच. उपाय म्हणजे रस भरण्याआधी गोठणबिंदूच्या जवळ, शून्य अंशाच्या आसपास काही दिवस ते काही आठवडे ठेवून स्फटिक तिथेच पाडायचे, आणि थंड असतानाच गाळायचे. गरम होऊ दिला तर ते पुन्हा विरघळून फिल्टर पार करतात. डाळिंब, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी यांत बारीक पिवळट साका दिसला तर एलॅजिक आम्लावर संशय घ्या. मोठ्या टॅनिनचं सावकाश विघटन होऊन ते तयार होतं, त्यामुळे ताज्या रसात दिसत नाही.

लोखंड आणि तांब्याचा गढूळपणा आता कमी दिसतो, पण एखादा पितळी व्हॉल्व्ह किंवा गंजलेला जोड पुरेसा असतो. हे धातू टॅनिनच्या ऑक्सिडेशनलाही वेग देतात. जिथे रस लागतो तिथे स्टेनलेस स्टील, एवढंच.

अरबान हा घट्ट केलेल्या सफरचंद-नासपतीच्या रसाचा खास त्रास. पेक्टिनच्या फांद्यांमधली ही साखळी. विकराने तिच्या बाजूच्या फांद्या छाटल्या आणि सरळ साखळी तशीच सोडली तर त्या साखळ्या एकमेकींना लागून जुळतात आणि काही आठवड्यांत बाहेर पडतात. पेक्टिन, स्टार्च, जंतू तिन्ही 'नाही' आणि रस घट्ट केलेला, असं असेल तर अरबानवर संशय घ्या आणि अरबानेजची (अरबान तोडणाऱ्या विकराची) क्रियाही असलेलं पेक्टिनेज मागवा.

साठवण

ऑक्सिजन शक्य तितका बाहेर ठेवा. भरण्याआधी रसातली हवा काढा, बाटलीत वरची मोकळी जागा कमी ठेवा, प्लास्टिकच्या बाटलीतून हवा हळूहळू आत येते हे धरून मुदत ठरवा. तापमानाबाबत मात्र एक पेच आहे. गारव्यात ऑक्सिडेशन मंदावतं, पण थंडीचा गढूळपणा लवकर दिसतो. ज्या रसातून प्रथिन-टॅनिन नीट काढलंय तो बिनधास्त गार ठेवा. ज्यातून काढलं नाही तो कुठेही ठेवला तरी गढूळ होणार आहे, फक्त उष्णतेत लवकर आणि तपकिरी होऊन. शेवटचा फिल्टर रस गार असताना चालवा, म्हणजे थंडीत कण होणारं जे असेल ते तिथेच अडकेल.

आधीच गढूळ झालेल्या साठ्याचं काय

जंतू निघाले तर साठा टाकून द्या, पुन्हा तापवून वाचवू नका. स्फटिक असतील तर गार रस वरून काढून, गाळून परत भरता येतो. प्रथिन-टॅनिन असेल तर बाटल्या उघडून, नळीत प्रमाण ठरवून, पुन्हा निवळवून, गाळून आणि पाश्चराइझ करून भरता येईल; पण प्रत्येक तापवण्याने रंग गडद होतो आणि शिजलेली चव येते. मूळ रस फिकट रंगाचा असेल तर हा खटाटोप सहसा परवडत नाही. तो साठा मुद्दाम गढूळ ठेवल्या जाणाऱ्या पेयात वापरणं जास्त शहाणपणाचं, अर्थात जंतूंची तपासणी 'नाही' आली असेल तरच.